पुढचं प्रवाळ ‘वरच्या इयत्तेतलं’च हवं का?

मुलुंडच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र थोडक्यात असं: त्यांच्या हॉलमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन वर्षं झाली. क्लाउनफिशची जोडी आणि एक गोबी हे मासे, लाल मशरूम, बटणांसारख्या झोआंची एक वसाहत आणि एक केनिया ट्री ही मऊ प्रवाळं, एवढा संसार. सम्प (फिल्टरची वेगळी टाकी) नाही, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नाही. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावतात. मागच्या मे महिन्यात नवरा, सात वर्षांची मुलगी, सासूबाई असं सगळं घर नऊ दिवस कोकणात गेलं होतं. शेजारच्या काकू माशांना खाणं घालत होत्या. परत आल्या तर पाणी चार बोटं खाली, आणि वर्षभर जपलेल्या हॅमर कोरल या दगडी प्रवाळाचा नुसता सांगाडा उरलेला. घाबरून त्यांनी लगेच बादल्यांनी आरओचं पाणी ओतलं. तेव्हापासून खडकाचा डावा कोपरा रिकामा आहे. आता दिवाळीचा बोनस येणार. त्यातले वीस हजार त्यांनी टाकीसाठी बाजूला काढायचं ठरवलंय. दुकानदार म्हणतो टॉर्च कोरल घ्या नाहीतर ॲक्रोपोरा (दोन्ही दगडी प्रवाळंच), असा पीस परत येणार नाही. छंदातले ओळखीचे म्हणतात, मशरूम-झोआ म्हणजे बालवाडी, आता पुढे सरका. नवरा म्हणतो, पुन्हा पैसे पाण्यात घालायचे का? त्या विचारतात, “माझ्या हाताला यश नाही का? टॉर्च घेऊ, ॲक्रोपोरा घेऊ, की कोपरा तसाच राहू देऊ?”

तुमचं पत्र वाचून मी आधी पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला. टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. चार बोटं म्हणजे ७ सेंटिमीटर धरू. म्हणजे नऊ दिवसांत साधारण २८ लिटर पाणी उडून गेलं. खडक आणि वाळू वजा केली तर तुमच्या टाकीत खरं पाणी १५० लिटरच्या आसपास असणार. पाणी उडतं, मीठ उडत नाही. दीडशे लिटरमधलं मीठ १२२ लिटरमध्ये कोंडलं गेलं आणि हजारात ३५ असलेला खारटपणा ४३च्या घरात पोचला. त्यात मे महिना, खिडक्या बंद, घरात माणूस नाही. पंख्यानं पाणी थंड ठेवायचा प्रयत्न केला, पण तो थंड करतो तोच मुळी पाणी उडवून. बंद फ्लॅटमध्ये पाणी ३१-३२ अंशांवर गेलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

त्यामुळे ‘हाताला यश’ हा शब्द आपण इथेच बाजूला ठेवू. काकूंना खाण्याचं सांगितलं होतं, पाण्याचं कुणीच सांगितलं नव्हतं. त्या बिचाऱ्या रोज येऊन माशांना खाणं घालून गेल्या. हॅमर गेलं ते टॉप-अपअभावी, म्हणजे उडालेलं पाणी भरून न काढल्यामुळे, आणि उन्हाळ्यानं. तुम्ही परत आल्यावर बादल्या ओतल्या त्यानं ते मेलं नाही, ते आधीच गेलं होतं. पण नऊ दिवसांत चढलेला खारटपणा तुम्ही तासाभरात उतरवलात, ते मात्र उरलेल्यांच्या जिवावर बेतू शकलं असतं. पुन्हा कधी अशी वेळ आली तर ते पाणी दोन-तीन दिवसांत, थोडं थोडं करून घाला. ही चूक फार जणांकडून होते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता मला ज्या गोष्टीनं थांबवलं ती सांगते. तुमच्या पत्रात हॅमरवर अर्धं पान आहे. मशरूम, झोआ आणि केनिया ट्रीचं काय झालं यावर एक ओळ आहे: “बाकीचे वाचले.” अहो, त्याच पाण्यात, त्याच नऊ दिवसांत, वर तासाभरातला तो धक्का सोसून ते वाचले! ज्यांना तुमचे ओळखीचे बालवाडी म्हणतात ते हेच. तुमचं घर, तुमचा मे महिना, तुमची कोकणातली वारी यांच्याशी जमवून घेणारं प्रवाळ कोणतं, हे टाकीनं तुम्हाला दाखवून दिलंय.

मऊ प्रवाळ म्हणजे खालची इयत्ता, त्यावर मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे प्रवाळाच्या वसाहतीतला एकेक जीव) दगडी प्रवाळं आणि सगळ्यात वर ॲक्रोपोरा, ही शिडी समुद्रात नाही. ती माणसांनी रचली, आणि तीही सांभाळायला किती कटकट पडते यावरून. हवं तर एकदा अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या मोठ्या ओहोटीला मुलीला घेऊन हाजी अलीच्या किंवा वांद्र्याच्या खडकांवर जा. पाणी मागे सरलं की खडकांच्या खोबणींत हिरवट-तपकिरी बटणं एकमेकांना चिकटून बसलेली दिसतील, वर शेवाळाचा आणि गाळाचा थर. ते झोआच. भरतीचं पाणी आलं की तीच बटणं हळूहळू उमलतात आणि कडेची बारीक झालर दिसायला लागते. मुंबईचा गाळ, सांडपाणी, पावसाळ्यात वरून कोसळणारं गोडं पाणी, ओहोटीचं ऊन, सगळं सोसून ते तिथे आहेत. तिथेच खडकांना चिकटलेली थोडी दगडी प्रवाळंही आहेत. कोस्टल रोडचं काम सुरू झाल्यावर २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या अशा वसाहती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या. बघा, दाखवा, फोटो काढा. तिथून काही खरवडून आणायचं मात्र नाही, दगडसुद्धा नाही.

दगडी प्रवाळांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दुकानदारानं ती सांगितली नसणार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि २००१ पासून दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच. काळी प्रवाळं, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखेही त्यात आले. टॉर्च दगडी प्रवाळ आहे. ॲक्रोपोरा आहे. तुमचं हॅमरही होतं. “इम्पोर्टेड आहे, चालतं” हे वाक्य मी अनेक दुकानांत ऐकलंय. त्या ‘चालतं’ला कागदाचा आधार विचारला की गप्पा वेगळीकडे वळतात. परदेशातून येणाऱ्या दगडी प्रवाळांच्या व्यापारावरही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, आणि आपल्याकडे पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्हा शाबीत झाला तर तुरुंगवास होतो. तुम्हाला दोष देत नाही. काचेमागे उघड्यावर विकायला ठेवलेली वस्तू बेकायदा असेल असं कुणाच्या मनात येणार? पण आता कळलंय, तर तुमच्या प्रश्नातले पहिले दोन पर्याय माझ्या लेखी तिथेच संपतात. मशरूम, झोआ आणि लेदरसारख्या मऊ प्रवाळांची नावं त्या यादीत नाहीत. तरी बिल मागाच, आणि त्यावर प्रवाळाचं नाव लिहून घ्या.

कायद्याचा प्रश्न नसता तरी मी तुम्हाला टॉर्च सुचवलं नसतं. रात्री ते लांबलचक दंशाचे धागे सोडतं. तुमच्या डाव्या कोपऱ्यापासून झोआ किती लांब आहेत ते पट्टीनं मोजा; वीतभर असतील तर ते रोज रात्री भाजले जातील. ॲक्रोपोराचं दुखणं आणखी वेगळं. त्याला तुमच्या आताच्या दिव्याच्या दुप्पट-तिप्पट प्रकाश लागेल. पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल शोषायची ताकद) रोज मोजून-मापून भरावी लागेल, आणि आठ डीकेएच (तिचं माप) असलेली अल्कॅलिनिटी दोन दिवसांत दहावर गेली तरी त्याची टोकं पांढरी पडतात. शिवाय चिलर. समुद्रातसुद्धा उन्हाळ्यातल्या कमाल तापमानाच्या वर एखादाच अंश काही आठवडे टिकला की प्रवाळ आपल्या पेशींतली शेवाळं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्याचं बरंचसं अन्न या शेवाळांकडूनच येतं, त्यामुळे मग उपासमार. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली, ती याचीच. जे समुद्राला सोसवलं नाही ते मुलुंडच्या हॉलमधल्या दीडशे लिटरला कसं सोसवेल?

मग कोपरा तसाच ठेवावा का? हा पर्याय तुम्ही पत्रात सगळ्यात शेवटी, जरा शरमेनं लिहिल्यासारखा लिहिलाय. मला तो अजिबात वाईट वाटत नाही. रिकाम्या खडकावर जांभळं कोरलाइन शेवाळ चढतं, गोबीला बसायला जागा मिळते, मशरूम हळूच तिकडे सरकतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची टाकी नुसत्या मशरूमची आहे. तीन रंग, खडक भरून, बाकी काही नाही. संध्याकाळी निळा दिवा लागला की त्या टाकीसमोरून पाय निघत नाही. तुम्हाला तो कोपरा रिकामा म्हणून टोचतो, की तिथे हॅमर होतं म्हणून टोचतो, हे एकदा स्वतःला विचारा. दुसरं कारण असेल तर सहा महिने काहीच आणू नका. गेलेल्याची जागा भरायला आणलेल्या प्राण्याकडे आपण नीट बघत नाही, सारखी तुलना करतो.

पण पत्राच्या शेवटच्या परिच्छेदावरून मला वाटतं, तुम्हाला हलणारं काहीतरी हवंय. “हॅमर कसं झुलायचं, ते बघत चहा प्यायचे,” असं तुम्ही लिहिलंय. तसं असेल तर माझं मत टोडस्टूल लेदरला. मशरूमच्या छत्रीसारखा जाड देठ, वर पसरट टोपी आणि त्या टोपीभर शेकडो बारीक पॉलिप. प्रवाहात ते गवतासारखे डुलतात. मध्यम प्रकाश, मध्यम प्रवाह, २५ ते २७ अंश पाणी मिळालं तर ते खूश असतं, आणि पारा थोडा वर गेला तरी हॅमरसारखं एका आठवड्यात सोडून जात नाही. नायट्रेट पाच-दहा असलं तरी त्याची तक्रार नसते. तुमचे क्लाउनफिश नशिबानं त्यात घर करतीलही; ते ठरवायचा हक्क माशांचा, त्याची खात्री देणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नका.

त्याची एक सवय आधीच सांगून ठेवते, कारण नव्यानं घेणारा प्रत्येक जण त्या दिवशी मला घाबरून फोन करतो. मधूनमधून टोडस्टूल सगळे पॉलिप आत ओढून घेतं. टोपी गुळगुळीत, निस्तेज, मेण चोपडल्यासारखी दिसते. तीन दिवस, पाच दिवस, कधी आठवडा-दहा दिवसही. मेलं असंच वाटतं. मग एका सकाळी त्या टोपीवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा सुटायला लागतो, प्रवाहात फडफडतो, निघून जातो, आणि दुपारपर्यंत पॉलिप पुन्हा बाहेर. अंगावर बसलेलं शेवाळ आणि घाण ते अशी टाकून देतं. त्या दिवसांत त्याला हात लावू नका, जागा बदलू नका, पाण्यात कसली औषधं ओतू नका. फक्त पॉवरहेडचा, म्हणजे प्रवाह देणाऱ्या पंपाचा, झोत त्याच्यावरून जातोय ना तेवढं बघा.

दोन गोष्टी त्याच्याही विरुद्ध आहेत. लेदर पाण्यात अशी रसायनं सोडतं की जवळच्या शेजाऱ्यांची वाढ खुंटते. म्हणून ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी फिल्टरमध्ये कायम ठेवायची आणि महिन्याला बदलायची. आणि ते मोठं होतं. आज लिंबाएवढं आणाल, काही वर्षांत ताटाएवढं होईल, आणि खालच्या सगळ्यांवर सावली धरेल. म्हणून ते खडकाला कायमचं चिकटवण्याआधी लहान सुट्या दगडावर बसवा, म्हणजे सरकवता येईल. चारही बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडा. दुकानात तुम्हाला झेनियाही दाखवतील. त्याचे पॉलिप मुठी उघडल्या-मिटल्यासारखे सतत हलतात, तुमच्या मुलीला वेड लागेल. पण ते तणासारखं पसरतं. घ्यायचंच तर वाळूत एकटा ठेवलेल्या दगडावर.

कधी घ्यायचं? बोनस हातात पडेल त्या दिवशी नक्की नाही. ऑक्टोबरचा उन्हाळा संपू दे. दिवाळीनंतर रात्रीचं तापमान उतरायला लागलं की मुंबईतल्या टाक्यांना पाच-सहा महिने सुखाचे मिळतात. नव्या प्राण्याला मे यायच्या आत घट्ट बसायला तेवढा वेळ लागतोच. ज्यांची टाकी जेमतेम दोन-तीन महिन्यांची आहे त्यांनी तर या वर्षी दुकानाची पायरीच चढू नये. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसणं आणि टाकी पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली पसंती दुसऱ्या छंदिष्टाच्या घरात वाढलेल्या लेदरच्या कापाला द्या. लेदर कापून वाढवणं सोपं असतं, बहुतेकांकडे जास्तीचे तुकडे असतात, आणि मुंबईच्या पाण्याला, मुंबईच्या उन्हाळ्याला सरावलेला तुकडा समुद्रातून उचललेल्या वसाहतीपेक्षा शंभर पटीनं बरा. दुकानातूनच घ्यायचं असेल तर क्रॉफर्ड मार्केटला दोनदा जा. पहिल्या खेपेला फक्त बघून या आणि पीसचा फोटो काढा. दहा दिवसांनी पुन्हा जा. तोच पीस अजून तिथे असेल, देठ ताठ असेल, बुंध्याशी काळपट किंवा गळल्यासारखी जागा नसेल, नाकाशी कुजका वास येत नसेल, तर घ्या. तेवढ्यात तो विकला गेला तर जाऊ दे. “परत येणार नाही” हे दर रविवारी म्हटलं जातं आणि पुढच्या रविवारी दुसरा पीस तिथे असतो. दुकानाच्या पाण्याचा खारटपणा किती, हे विचारा. बऱ्याच दुकानांत तो ३५ च्या खाली ठेवलेला असतो, आणि तो फरक घरी तुम्हाला हळूहळू भरून काढायचा असतो.

आणायचं ते दुपारच्या लोकलनं. मुलुंडपर्यंतचा तास-पाऊण तास थर्माकोलच्या डब्यात नीट निघतो. संध्याकाळच्या गर्दीत ती पिशवी छातीशी धरून उभं राहणं तुम्हालाही नको आणि त्यालाही नको.

घरी आल्यावरची पायरी कुणीच चुकवू नये. मी एकदा चुकवली होती. झोआचा एक सुंदर नारिंगी तुकडा आणला, रात्र झाली होती, कंटाळा आला, आणि तो सरळ टाकीत ठेवला. त्याच्या बुडाला पेन्सिलीच्या टोकाएवढं एक तपकिरी, पारदर्शक ॲनिमोन चिकटलेलं होतं. ॲप्टेशिया. माझ्या डोळ्यांना ते दिसलंही नव्हतं. सहा महिन्यांत त्याची तीसेक पिल्लं खडकभर झाली, शेजारच्या मशरूमना डसायला लागली, आणि ती निपटायला मला दीड वर्ष लागलं. म्हणून आता माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगवायची, मग टाकीचं पाणी थेंब-थेंब तासभर. मग वेगळ्या भांड्यात टाकीचं पाणी घेऊन त्यात कोरल डिप (किडे मारणारं द्रावण), बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ. डिपमध्ये असताना जुन्या मऊ ब्रशनं बूड घासायचं, शक्य असेल तर दुकानाचा प्लग (तुकडा चिकटवलेली चकती) तोडून नव्यावर बसवायचं. पिशवीचं पाणी आणि डिपचं पाणी दोन्ही मोरीत. त्यानंतर वीस लिटरच्या वेगळ्या टबात, स्पंज फिल्टर आणि साधा दिवा लावून, चार आठवडे. डिपनं किडे मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याला एकदा पुन्हा बघायचं. मुख्य टाकीत गेल्यावर पहिले पंधरा दिवस खाली, कमी उजेडात.

तुमच्या घरात लहान मूल आहे, म्हणून झोआंबद्दल एक गोष्ट. झोआ आणि त्यांच्या पॅलिथोआ नावाच्या भावंडांपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, फार जहाल विष. काचेतून बघायला काहीच धोका नाही. पण त्यांना कापताना, खरवडताना हातमोजे आणि चष्मा हवाच, बोटाला जखम असेल तर हात घालूच नका. आणि झोआ असलेला खडक साफ करायला कधीही उकळू नका, गरम पाण्यानं धुऊ नका. ती वाफ श्वासात गेल्यानं अख्खी कुटुंबं इस्पितळात गेल्याची उदाहरणं जगभरात आहेत. मुलीला ‘बघायचं, हात घालायचा नाही’ एवढं शिकवलंत तरी पुरे. सासूबाईंनाही सांगा.

राहिले वीस हजार. लेदरच्या कापाला त्यातला छोटा भाग लागेल. उरलेल्यातून पहिला खर्च ऑटो टॉप-अपचा. सेन्सर पाणी उतरलेलं ओळखतो आणि लहान पंप आरओचं पाणी सोडतो. त्याचं भांडं मुद्दाम दहा लिटरचंच ठेवा. सेन्सर अडकला आणि सगळं दहा लिटर आत गेलं तरी खारटपणा ३५ वरून जेमतेम ३३ वर येईल, कुणी मरणार नाही. दुसरा खर्च बरा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, आणि तो तपासायचं ३५चं द्रावण. तुमचा चुकीचा दाखवत असेल तर वरचा सगळा हिशेब फुकट. तिसरा, बॅटरीवर चालणारा एअर पंप. आपल्याकडे वीज जात नाही असं मीही म्हणायचे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास सगळी मुंबई बंद पडली, तेव्हा मी चार तास वाटीनं टाकीतलं पाणी वर काढून पुन्हा सोडत बसले होते, हवा मिसळावी म्हणून. त्या आठवड्यात बॅटरी पंप घेतला. आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर नसेल तर तो. तुमच्या सोसायटीत टँकर येत असेल तर आरओच्या पुढे डीआयचं (उरलेले क्षार काढणारं) नळकांडं जोडून आकडा शून्यावर आणल्याशिवाय ते पाणी टाकीत घालू नका. चिलरचा विचार दोन उन्हाळे पुढे ढकला. मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी हॉलमधला एसी दोन तास लावलात तर या संसाराला पुरेल. पावसाळ्यात मात्र लक्षात ठेवा, दमट हवेत पाणी कमी उडतं, म्हणून पंखा तेवढा थंडावा देत नाही.

तुमच्या यजमानांचं “पैसे पाण्यात” हे वाक्य तुम्हाला लागलंय. त्यांना वरचा अठ्ठावीस लिटरचा हिशेब दाखवा. मागच्या वेळी काय चुकलं आणि या वेळी ते कसं आवरायचं, हे आकड्यांत समोर ठेवलं की बोलणं हौस आणि उधळपट्टीवरून टॉप-अपच्या भांड्यावर येतं. ते भांडं दर तिसऱ्या दिवशी भरायचं काम त्यांच्याकडे द्या. आणि त्यानंतरही ते नको म्हणाले, तर ऑटो टॉप-अप आणि बॅटरी पंप तेवढा घ्या, प्रवाळ पुढच्या दिवाळीला. टाकी कुठे जात नाही.

आणि पुढच्या मे महिन्यात कोकणात जाताना शेजारच्या काकूंकडे तीन कॅन देऊन जा, प्रत्येकात दहा लिटर आरओचं पाणी, प्रत्येकावर मार्करनं तारीख: तिसरा दिवस, सहावा दिवस, नववा दिवस. त्या तारखेला तो कॅन भांड्यात ओतायचा. माशांचं खाणंही रोजचं वेगळं पुडीत बांधून ठेवा. काकूंना टाकीतलं दुसरं काही ओळखता यायची गरज नाही. टोडस्टूल मिटलेलं दिसलं तरी घाबरून फोन करू नका, एवढं मात्र त्यांना निघताना सांगून जा.